बाईंशी बोला : गंमत वेगळी, गुपित वेगळं

आलेल्या पत्रांतली पाच पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. लहान पोरांना काय शिकवायचं आणि त्यांनी सांगितलेलं आपण कसं ऐकायचं, हा सगळ्यांतला धागा आहे. बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळांत चौतीस वर्षं पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळले. तिथं जे पाहिलं आणि जे वेळेवर दिसलं नाही, त्याच्या आधारानं उत्तरं देते. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

प्रश्न : बाई, मी खानापूर तालुक्यातली. मालक गोव्याला कामाला असतात, पंधरा दिवसांनी घरी येतात. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. मी भिशी लावली आहे, सासूबाईंना ठाऊक नाही. पैसे द्यायला जाताना मुलगी बरोबर असते, तिला सांगून ठेवलंय, आजीला सांगायचं नाही. परवा तिच्या दप्तरात चॉकलेटचे चार-पाच कागद सापडले. कुणी दिलं विचारलं तर म्हणते, "ते गुपित हाय. तुझंबी हाय नव्हं?" मला राग आला, दोन चापट्या दिल्या. तेव्हापासून ती काहीच बोलत नाही. मनात नको नको ते येतंय.

उत्तर : चापट्या दिल्याचं तुम्ही लपवलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू. आज रात्री निजताना तिला जवळ घ्या आणि म्हणा, "मी मारलं ते चुकलं. मला भीती वाटली म्हणून मारलं. तू काही वाईट केलेलं नाहीस." एवढंच बोला. त्याला जोडून "आता सांग बरं, कुणी दिलं?" असं विचारू नका. माफी मागून लगेच हिशेब मागितला की ती माफी खोटी ठरते, आणि सहा वर्षांच्या मुलाला ते बरोबर कळतं.

आता भिशीचं. वाईट वाटेल, पण स्पष्ट लिहिते. मुलीनं उद्धटपणा केलेला नाही, तुम्ही शिकवलेला धडा तिनं तुम्हाला म्हणून दाखवला. मोठं माणूस 'सांगू नको' म्हणालं की गप्प बसायचं, आणि गप्प बसलं की 'शहाणी गं माझी बाय' म्हणून पाठ थोपटतात, हे ती घरातच शिकली. ज्याच्या मनात पाप आहे त्या माणसाला मग नवीन काही शिकवावं लागत नाही. 'आपल्या दोघांतच ठेवायचं हं' एवढं म्हटलं की त्याचं काम होतं. हे काही तुमच्याच घरात आहे असं नाही. सासूच्या नकळत आणलेली साडी, मामाला उसने दिलेले पैसे, डॉक्टरांनी सोडायला सांगितलेली आजोबांची तंबाखू. आपण मोठी माणसं आपली ओझी मुलांच्या डोक्यावर देतो आणि त्यांनी ती न सांडता वाहिली तर कौतुक करतो.

म्हणून भिशीचे पैसे द्यायला तिला नेऊ नका. मला विचाराल तर सासूबाईंना सांगूनच टाका. भिशी लावणं म्हणजे काही चोरी नव्हे. चार दिवस धुसफूस होईल, होऊ दे. सांगताना मुलीला तिथंच खेळू द्या. आईनं आपलं गुपित उघडलं तरी आभाळ कोसळलं नाही, हे तिला बघायला मिळेल.

वर्गात मी 'गुपित' हा शब्द घ्यायच्या आधी 'गंमत' घ्यायची. बाबा येणार म्हणून करंज्या करून डब्यात ठेवल्या आणि बाबांना आत्ता सांगायचं नाही, ही गंमत. शनिवारी डबा उघडणार, बाबा खूश होणार, सगळे मिळून खाणार. गंमतीला दिवस ठरलेला असतो. गुपिताला दिवस नसतो, ते 'कध्धी कुणाला' सांगायचं नसतं, आणि सांगितलं तर कोणीतरी रागावणार असतं. मुलांना हा फरक डोक्याच्या आधी पोटात कळतो. मी विचारायची, "पोटात गुदगुल्या होतात की गोळा येतो?" पहिलीतली पोरंसुद्धा बिनचूक सांगायची. एकदा एक मुलगा मधल्या सुट्टीत टेबलापाशी येऊन उभा राहिला. चड्डीचा खिसा मुठीत धरलेला. म्हणाला, "बाई, तायडीनं आजीचा चष्मा फोडलाय ते मला माहीत हाय. तेचा गोळा आलाय." त्याला म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस. आता बघ, कमी झाला का?" त्यानं खरंच पोटाला हात लावून पाहिलं आणि मान हलवली. चष्म्याचा गोळा सांगता आला, तर उद्या मोठा गोळाही सांगता येईल. एवढ्यासाठी तर हे सगळं करायचं.

खाजगी गोष्ट आणखी वेगळी. अंघोळ करताना, शू-शी करताना, कपडे बदलताना न्हाणीचं दार लावायचं. आत काय चाललंय हे सगळ्या घराला माहीत असतं, त्यात लपवाछपवी कसलीच नाही. पण मुलांची इथं गल्लत होते. दार लावून करायची गोष्ट तोंडानं बोलायचीही नसते, असं त्यांना वाटतं. याला कारण आपणच. डोळा कुठाय, नाक कुठाय, गुडघा कुठाय हे कौतुकानं विचारतो आणि कमरेपाशी आलो की 'शेम शेम' म्हणून पुढं सरकतो. ज्या जागेला नावच नाही, तिथं दुखलं-खुपलं तर मूल सांगणार कसं? शूची जागा, शीची जागा, छाती, तुमच्या घरात जो शब्द असेल तो असू दे. पण तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावा, आणि तो उच्चारताना तुमचा आवाज बारीक होऊ नये. अंघोळ घालता घालता सांगा, या जागा तुझ्या आहेत. धुवायला आई हात लावते. डॉक्टर तपासतील, तेव्हा आई शेजारी उभी असेल. आणखी कुणी हात लावला, स्वतःला लावायला सांगितला, काही दाखवलं किंवा फोटो काढला, तर लगेच येऊन आईला सांगायचं. त्यानं 'सांगू नको' म्हटलं असेल तर आधी सांगायचं.

राहिले ते चॉकलेटचे कागद. समोर बसवून डोळ्यांत बघून विचारलं की मूल तुमचा चेहरा वाचतं आणि तुम्हाला जे हवं वाटतं ते सांगतं. त्यापेक्षा सुपात शेंगा घेऊन दोघी फोडायला बसा. हात कामात, नजर सुपात. "परवाचं चॉकलेट कुठलं होतं गं?" मग थांबा. ती काही बोलली की "बरं, आणि मग?" एवढंच. "दुकानवाल्यानं दिलं का? त्यानं हात लावला का?" असं नाव किंवा गोष्ट तिच्या तोंडात घालू नका. ती घाबरून हो म्हणेल, आणि पुढं खरं काय ते तुम्हालाही कळणार नाही, दुसऱ्या कुणालाही नाही. दोन-तीन दिवस लागले तरी लागू देत. तोवर दुकानात तिला एकटीला पाठवू नका, पण ती शिक्षा वाटू देऊ नका.

कदाचित मैत्रिणीनं वाटून दिली असतील. कदाचित तिनंच डब्यातले पैसे घेऊन आणली असतील आणि मार बसेल म्हणून गप्प असेल. तसं निघालं तर हसू नका, ओरडूही नका. आणि वेगळं काही निघालं तर चौथ्या पत्राचं उत्तर वाचा आणि त्याप्रमाणं करा.

प्रश्न : आमच्या गावात पुष्कळ वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरली. घरी चाळीसेक पाहुणे. नातू पाच वर्षांचा आहे. माझे मेहुणे, वय सत्तर, त्याला मांडीवर ओढून पापा मागत होते. तो 'नको' म्हणाला, तर सूनबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याला नको असेल तर राहू दे मामा." मेहुणे रुसले, जेवले नाहीत. आमच्यात असली पद्धत नव्हती. हे शिक्षण म्हणायचं की उद्धटपणा? (एक आजोबा, बेळगाव तालुका)

उत्तर : आजोबा, तुमच्या नातवाच्या नात्यानं मीही तुम्हाला आजोबाच म्हणते. यात्रेत पाहुणा न जेवता उठला याचं दुःख मला कळतं. त्यासाठी वर्ष-दोन वर्षं पैसे साठवून, घराला रंग देऊन, पै-पाहुण्यांना बोलावणं धाडून तुम्ही सगळं केलेलं असणार. मेहुण्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेही मला मान्य आहे.

तरीही मी सूनबाईंच्या बाजूनं आहे.

पाच वर्षांच्या मुलाला चांगला हेतू आणि वाईट हेतू ओळखता येत नाही. त्याला फक्त 'मला आवडतंय' आणि 'मला आवडत नाही' एवढंच कळतं. चाळीस माणसांत त्याचा 'नको' तुम्ही मोडून काढलात, तर एकांतात दुसरा कुणी मोडेल तेव्हा तो कशाच्या जोरावर उभा राहील? मोठ्यांपुढं आपला नको चालत नाही, हे त्याला आपल्याच सोप्यात बसून शिकायला मिळालेलं असेल. सूनबाई जे बोलली ते तो मोठा होईपर्यंत विसरणार नाही.

आणि पद्धतीचं म्हणाल तर आपली जुनी पद्धत नमस्काराची आहे. वाकून नमस्कार करावा, मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा, खाऊ द्यावा. पापा घेणं हा मान नव्हे, लाड आहे, आणि लाड ज्याचे करायचे त्याला आवडला तरच तो लाड. मेहुण्यांना एकदा फोन करा. "पोरगा लाजरा आहे" असं सांगून वेळ मारून नेऊ नका. "आम्ही त्याला असं शिकवतोय, आणि तुम्ही आलात की तो वाकून पाया पडेल" असं सांगा. पुढच्या वेळी नातवाला त्यांच्यापुढं पळत जाऊन पाया पडू दे, आणि पाटावर मेहुण्यांच्या पानाशेजारी त्याचं पान मांडा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. यात्रेच्या रात्री सोप्यात, माडीवर, गच्चीवर ओळीनं अंथरुणं पडतात. पोरं खेळून दमून मिळेल त्या जागी झोपतात. कुणाच्या कुशीत कोण झोपलं, सकाळपर्यंत कुणी बघत नाही. लग्नात, यात्रेत, बारशाला मुलांची अंथरुणं एका खोलीत, आई-आजीच्या मधे घालायची, आणि हे काम घरातल्या एका बाईनं आपल्या अंगावर घ्यायचं. कुणावर संशय घेऊन नव्हे. दागिन्यांचा डबा आपण कुलपात ठेवतो तेव्हा तरी कुठं पाहुण्यांवर संशय घेतो?

प्रश्न : निपाणीत राहतो. मुलगा आठ वर्षांचा, रिक्षानं शाळेला जातो. रिक्षावाला आजारी पडला की दुसराच कोणी येतो. बायको म्हणते, मुलालाही हे सगळं शिकवायला हवं. मला वाटतं, मुलगी असती तर ठीक, मुलाला काय होतंय?

उत्तर : बायकोचं ऐका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या मुला-मुलींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते, ५२.९४ टक्के. मुलगे बोलत नाहीत एवढाच फरक. "पोरीसारखा रडतोस काय" हे ज्यानं घरात ऐकलंय, तो सांगायला येणार तरी कसा? मुलांना अशा त्रासापासून वाचवणाऱ्या कायद्यातही मुलगा-मुलगी असा भेद नाही. १८ वर्षांखालचं कुणीही, एवढंच त्यात आहे.

रिक्षासाठी घरचा एक शब्द ठरवा. तुमच्या शेतातल्या बैलाचं नाव असेल, आजोळच्या विहिरीचं असेल. माणूस नवा असेल तर मुलानं त्याला विचारायचं, "शब्द काय?" शब्द आला नाही तर रिक्षात बसायचं नाही, परत शाळेत जाऊन बाईंपाशी थांबायचं. शब्द एकदा वापरला की बदलायचा. आणि मुलाला मोठ्यानं ओरडायला शिकवा. आपल्याकडं रस्त्यावर कोण कुठल्या भाषेचा असेल सांगता येत नाही, म्हणून मी वर्गात दोन्ही घोकून घ्यायची. 'नको, सोड!' आणि 'ब्याड, बिडु!' कन्नडमधलं ब्याड आमच्या पोरांच्या तोंडी खेळताना असतंच, अडचणीत तोंडातून फुटावं म्हणून सराव हवा. वर्ग दणाणून जायचा. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायच्या, तरी मी तो सराव सोडला नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीची मुलगी सात वर्षांची आहे. सुट्टीला माझ्याकडं आली होती. रात्री केस विंचरताना म्हणाली, "मावशी, मला घरी नको पाठवू. काका दार लावतो." पुढं तिनं जे सांगितलं ते मी पत्रात लिहू शकत नाही. काका म्हणजे बहिणीचा दीर. त्याचं लग्न ठरलंय. बहीण रडते, पण म्हणते, घराची अब्रू जाईल, पोरीचंही नाव खराब होईल, लग्न झालं की तो सुधारेल. पोलिसांत जावं म्हटलं तर ठाण्यात सगळं कन्नडमधून, आणि पोरीला मराठीशिवाय काही येत नाही. मी मावशी, मला अधिकार आहे का?

उत्तर : आहे. अधिकार आहे आणि कायद्यानं जबाबदारीही आहे. लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याच्या कलम १९ प्रमाणं, असा प्रकार घडल्याचं ज्याला कळलं त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायचं आहे. आई असो, मावशी असो, शिक्षिका असो. माहीत असून न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र त्याबद्दल कुठलीही कारवाई होऊ शकत नाही. बहिणीला हे वाचून दाखवा. "मला कळलंय, आता मी गप्प बसले तर मीही गुन्हेगार" असं सांगा. पुष्कळदा घरच्यांना झुगारायचं बळ अशा वाक्यातून मिळतं.

मुलीला आज परत पाठवू नका. बाकी सगळं त्याच्या नंतर. आणि तिच्यापाशी बसून तिला तीन गोष्टी सांगा : तू सांगितलंस ते खरं आहे हे मला माहीत आहे, यात तुझी काही चूक नाही, आणि सांगितलंस ते फार चांगलं केलंस. "मी कुणाला सांगणार नाही" असं मात्र म्हणू नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे. "तुला मदत करू शकतील अशाच माणसांना सांगेन" असं म्हणा. तिला पुन्हा पुन्हा विचारू नका, आजीसमोर एकदा, मामासमोर एकदा असं तर मुळीच नको. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवा, तारीख आणि वेळ घालून. तिनं 'शूची जागा' म्हटलं असेल तर तेच लिहा, तुमचा शब्द घालू नका. दिराला जाब विचारायला कुणी जाऊ नका. तो सावध होईल आणि घर मुलीवर तुटून पडेल.

प्रकार अगदी अलीकडचा असेल, किंवा तिला दुखत असेल, तर आधी दवाखाना. सरकारी असो की खाजगी, अशा मुलीवर ताबडतोब आणि फुकट उपचार करणं त्यांना बंधनकारक आहे. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनंच करायची, आणि तिचा विश्वास असलेलं माणूस जवळ असायला हवं, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

आता भाषेचं. तुमच्या पत्रातली हीच भीती मी या भागातल्या कितीतरी घरांत ऐकली आहे, आणि तिच्यापायी माणसं ठाण्याच्या पायरीवरून परत फिरतात. कायद्यात याची तजवीज आहे. मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर गरजेप्रमाणं दुभाषी द्यायचा, आणि मूल स्वतः सांगत असेल तर त्याला कळेल अशा सोप्या भाषेत लिहून घ्यायचं, असं कलम १९ मधेच आहे. हे मागून घ्यावं लागलं तर मागून घ्या. तुम्ही दिलेली माहिती लिहून झाल्यावर तुम्हाला वाचून दाखवायची असते. ती कन्नडमधे लिहिली असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि मुलीचा शब्द जसाच्या तसा आला आहे ना ते विचारा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घ्या. बरोबर मराठी-कन्नड दोन्ही चांगलं येणारं, तोंड बंद ठेवणारं एखादं माणूस न्या.

मुलीला ठाण्यात बसवायची गरज नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो फौजदारापेक्षा कमी हुद्दा नसलेल्या स्त्री अधिकाऱ्यानं, आणि तेही वर्दीत नसताना. तिथं तुम्ही जवळ बसू शकता. चौकशी चालू असताना आरोपीशी तिची गाठ पडू द्यायची नाही. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. आणि नाव खराब होण्याचं म्हणाल, तर तिचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, घरच्यांची नावं वर्तमानपत्रात किंवा कुठल्याही माध्यमात देणं कलम २३ प्रमाणं गुन्हा आहे. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर १०९८ या नंबरवर फोन लावा. लहान मुलांसाठीचा हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. तातडी असेल तर ११२.

लग्न झालं की सुधारेल, हे बहिणीला तिच्या भीतीनं सुचवलंय. ते खरं नाही. त्या घरात उद्या नवी सून येईल, तिलाही मुलं होतील.

मी एवढं ठासून लिहिते त्याला कारण आहे. हा कायदा यायच्या कितीतरी आधी माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. शाळा सुटली की ती पाण्याच्या टाकीपाशी बसून पेन्सिलीला टोक करायची. टोक झालं की मोडायची, परत करायची. समोर साली पडलेल्या, पेन्सिल बोटाच्या पेराएवढी उरलेली. मी दोन-तीनदा म्हटलं, "काय करालीस गं? ऊठ, शिकवणीला उशीर होतोय." तिसऱ्यांदा तर हाताला धरून फाटकापर्यंत सोडून आले. ती मुकाट्यानं गेली. शिकवणी घेणाऱ्या माणसाबद्दल गावात कुजबुज झाली ती पुढच्या वर्षी, आणि तोवर त्या घरानं गाव सोडलं होतं. ती बोलत होतीच, मला वाचता आलं नाही. तुमच्या भाचीनं तर सरळ शब्दांत सांगितलंय. तिला फाटकापर्यंत सोडून येऊ नका.

पाचवीतल्या मुलीस :

तू लिहिलंस की नाव, गाव आणि आईला काय सांगितलंस ते छापू नका. म्हणून यातलं काहीच इथं नाही. एवढंच लिहिते, की तू विश्वासानं आईला सांगितलेली गोष्ट आईनं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांत सांगितली, सगळ्या हसल्या, आणि तू ठरवलंस की आता आईला कधीच काही सांगायचं नाही. असं करणं बरोबर आहे का, असं तू विचारलंस.

तुला राग आला तो अगदी बरोबर आहे. तुझी गोष्ट तुझी होती. मोठी माणसं लहानांच्या गोष्टी गंमत म्हणून सांगतात, त्यांच्या न्हातानाचे फोटो स्टेटसला ठेवतात, आणि त्यात कुणाला दुखत असेल हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. आईला हे सांगायला हवं. बोलून जमलं नाही तर चिठ्ठी लिही. "आई, मी तुला सांगितलेलं तू सगळ्यांत सांगितलंस, मला फार वाईट वाटलं. माझं मला विचारल्याशिवाय सांगू नकोस." एवढीच. भांड्यांच्या फळीवर नाही, तिच्या उशीखाली ठेव. उशीखालची चिठ्ठी माणूस एकटं असताना वाचतं.

आईला पुन्हा सांगावंसं वाटेपर्यंत वेळ लागला तर लागू दे. पण तोवर सांगायला कुणीतरी असायला हवं. आजी, मावशी, शाळेतल्या एखाद्या बाई. आपल्या हाताची पाच बोटं धर आणि प्रत्येक बोटाला एक माणूस दे, ज्याला तू काहीही सांगू शकशील. सगळी पाच भरली नाहीत तरी चालेल, दोन तरी भर.

आणि माझ्याबद्दल. तू लिहिलंस त्यात तुला कुणी त्रास दिलेला नाही, म्हणून मी ते माझ्यापाशी ठेवू शकते. तसं काही असतं तर मी आधी तुला सांगून मग मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसांना सांगितलं असतं. तुझ्याकडून शब्द घेऊन गुपचूप केलं नसतं. तुझं पत्र माझ्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात आहे, डब्याला कुलूप आहे. परत हवं असेल तर पाठवते. फाडून टाका म्हणालीस तर फाडते. काय करू ते कळव.